दुखणाईतांसाठीं प्रार्थना : नगर प्रांतांतील ख्रिस्ती उपासनेचा एक विधि व एक हस्तलिखित वही

गतवर्षीं मंडळाच्या एका सभेंत मीं नगर प्रांतांतील एका ख्रिस्ती उपदेशकाच्या वहीसंबंधीं अल्पसें टिपण वाचलें होतें. त्या टिपणांत वहींतील दोन संक्षेपांचा अर्थ मीं चुकीचा लाविला आणि त्या चुकीवर एक मोठें अनुमान उभारलें. सभेस हजर असलेल्यांपैकीं कोणीही हरकत घेतली नाहीं, तरी त्यामुळें माझा दोष कमी होत नाहीं. तो पदरांत घेऊन दुरुस्त करावा हा प्रस्तुत लेखाचा एक हेतु आहे. परंतु चूक कोणती हें कळण्यास ती वही कोणत्या विधीची साक्ष देते हें आधीं समजलें पाहिजे. आणि बखरी, महजर व सनदा ह्यांत रमणाऱ्या आपल्या वाचकांपैकीं फारच थोड्यांचा त्या विधीशीं परिचय असेल. म्हणून प्रथम विधीचें वर्णन करितों.

अहमदनगर जिल्हा (ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें) हें मराठी प्रॉटेस्टंट समाजाचें एक मोठें केंद्र होय. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ त मुंबईस उतरले. नगरास त्यांचें ठाणें १८३१ त झालें. ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ त नगराहूनच निघालें. पुढें गांवोगांव लहान शाळा निघाल्या, आणि आठवड्याचे सहा दिवस जो शाळामास्तर तोच सातव्या दिवशीं उपदेशक, अशी व्यवस्था बहुतेक खेड्यांत होती. १९७० त चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संयुक्त मंडळी स्थापन झाली, तेव्हां ह्या प्रांतांतील बऱ्याच मंडळ्या तींत आल्या. ‘मंडळी’ हा शब्द येथें ख्रिस्ती अर्थानें, म्हणजे उपासकांचा समुदाय ह्या अर्थानें, घ्यावा.

ज्या गांवीं मी अनेक वर्षें संस्कृत व मराठी शिकवीत होतों, तेथील रविवारची उपासना मीं अनेकदां मागच्या चटईवर बसून पाहिली आहे. माझे एक ख्रिस्ती सहाध्यापक मला आग्रहानें नेत. पेटी, तबला व टाळ ह्यांवर पदें होत. त्यांत नारायण वामन टिळकांचे अभंग असत, आणि ओवी-अभंगांत मुरलेल्या माझ्या कानांस तेथें परकें असें कांहीं वाटत नसे. मग शास्त्रवाचन, मग उपदेश. उपदेशानंतर पाळक एक कागद हातीं घेऊन दुखणाईतांचीं नांवें वाची. जे येऊं शकत ते पुढें येऊन गुडघे टेकीत. जे खाटेवरून उठूं शकत नसत त्यांचा एखादा नातलग त्यांच्या जागीं टेके. पाळक व मंडळींतील दोन-तीन वडील त्यांच्या मस्तकीं हात ठेवीत आणि पाळक डोळे मिटून प्रार्थना करी. शब्द त्या क्षणीं सुचतील ते. ‘आकाशांतील बापा’ असें संबोधन, मग दुखण्याचें नांव, मग घरची अडचण, मग ‘तुझी इच्छा असल्यास’ हें पालुपद. सारी मंडळी शेवटीं ‘आमेन’ म्हणे. एकदां बांधावरून भांडत असलेल्या दोन चुलत भावांपैकीं एकजण मुलाच्या तापासाठीं पुढें आला, तेव्हां पाळकानें दुसऱ्यास नांव घेऊन बोलाविलें व ‘आधीं एकमेकांशीं बोला’ म्हणून दोघांस तेथेंच उभें केलें. बराच वेळ कोणी बोलेना. मंडळी शांतपणें वाट पाहत बसली. शेवटीं थोरल्यानें पाणी मागितलें आणि धाकट्यानें तांब्या आणून दिला; पाळकानें एवढेंच पुरेसें मानून प्रार्थनेस आरंभ केला.

ह्या सर्व विधीचें मूळ नव्या करारांतील याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत आहे. आजाऱ्यानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें, त्यांनीं प्रभूच्या नांवानें तेल लावून प्रार्थना करावी, आणि सर्वांनीं आपापलीं पातकें एकमेकांजवळ कबूल करावीं, अशी तेथील १४ ते १६ ह्या वचनांची आज्ञा आहे. बांधाच्या भांडणाचा प्रसंग ह्या सोळाव्या वचनाच्या आधारानें घडला, हें मला मागाहून समजलें. तेलासंबंधीं मात्र ख्रिस्ती पंथांत जुना मतभेद आहे. रोमन पंथानें ह्या तैलाभ्यंगास सात संस्कारांपैकीं एक मानिलें, व ट्रेंट येथील परिषदेनें १५५१ त तो निर्णय दृढ केला. काळाच्या ओघांत तो संस्कार मरणोन्मुखांपुरताच राहिला होता, त्यास १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर पुन्हां सर्व गंभीर आजाऱ्यांचें रूप मिळालें. इंग्लंडच्या मंडळीच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकांत तेल होतें. १५५२ च्या आवृत्तींत तें गाळलें गेलें. नगरचे अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेचे असल्यानें छापील विधीचेंच त्यांस वावडें. म्हणून मीं पाहिलेल्या जुन्या मंडळ्यांत केवळ हात ठेवीत. तेलाची लहान बाटली मला अलीकडच्या, निराळ्या पंथांच्या सभांतच दिसली. हरेगांवची मतमाउलीची यात्रा किंवा वांद्र्याच्या मारियेस वाहिले जाणारे मेणाचे हात-पाय हा आणखी निराळा प्रकार. त्याचें नातें नवसाशीं अधिक व ह्या विधीशीं कमी, सबब तो येथें सोडून देतों.

आपल्यापैकीं एका स्नेह्यांनीं ह्या प्रार्थनेस ‘वेषांतर केलेलें मंत्रतंत्र’ असें म्हटलें होतें. मला तें पटत नाहीं, आणि त्याचें कारण थोडें विस्तारानें सांगणें भाग आहे. चरकानें सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायांत औषधाचे तीन प्रकार सांगितले : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय. पहिल्यांत मंत्र, मणि, मंगल, बलि, होम, उपवास, स्वस्त्ययन, प्रणिपात इत्यादि येतात. वरवर पाहतां नगरची प्रार्थना ह्या पहिल्या वर्गांत बसते. परंतु मंत्राचें सामर्थ्य अक्षरांत असतें. स्वर चुकला तरी अनर्थ, ही आपल्या परंपरेची दृढ समजूत. म्हणूनच अथर्ववेदांतील भैषज्यसूक्तें अक्षरशः जतन झालीं. नगरच्या उपासनेंत ह्याच्या उलट. तेथें शब्द ठरलेले असले तर उलट संशय. पाळकानें मागच्याच रविवारचे शब्द उच्चारले तर म्हाताऱ्या बाया आपसांत कुजबुजत, हें मीं ऐकलें आहे. शब्द प्रत्येक वेळीं नवे असावे, कारण मागणें एका व्यक्तीचें दुसऱ्या व्यक्तीजवळ आहे, आणि देणारा ‘नाहीं’ म्हणूं शकतो, ही तेथील धारणा आहे. मंत्र चुकला तर दोष म्हणणाराचा. प्रार्थना निष्फळ झाली तर दोष कोणाचा, हा प्रश्न तेथें फार अवघड होतो. त्याकडे पुढें येतों.

संशोधकाच्या दृष्टीनें ह्याचा परिणाम असा कीं, शेंदीडशें वर्षें दर रविवारीं मराठींत बोलली गेलेली ही प्रार्थना जवळजवळ सगळीच नष्ट झाली. जें लिहून काढावयाचें नाहीं त्याची पोथी कोठून असणार? उरलें तें उपदेशकांच्या खासगी वह्यांत, आणि त्या वह्या आमच्यासारखे संग्राहक रद्दींत टाकीत आले, कारण त्यांत ना मोडी फर्मान ना शिक्का.

आतां शब्दांविषयीं थोडें. ‘फेथ’ ह्या अर्थीं मराठी बायबलांत ‘विश्वास’ आहे, ‘श्रद्धा’ नाहीं. संस्कृताभ्यासकास हें प्रथम खटकतें. ‘श्रत्’ व ‘धा’ ह्यांपासून झालेला श्रद्धा शब्द लॅटिन ‘क्रेदो’ चा सख्खा भाऊ आहे, आणि ऋग्वेदाच्या दशम मंडलांत त्याचें स्वतंत्र सूक्त (१०.१५१) आहे, ह्याहून योग्य शब्द कोणता? पण विचार करितां भाषांतरकारांची निवड मला बरोबर वाटूं लागली आहे. श्रद्धा विधीवर, शास्त्रावर, श्राद्धावरही बसते. ‘वि’ व ‘श्वस्’ ह्यांपासून झालेल्या विश्वासांत मोकळा श्वास सोडणें आहे. तो माणूस माणसावर ठेवितो. गोव्याकडे तिसरीच वाट निघाली. फादर टॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) ह्यांच्या क्रिस्तपुराणांत ह्याच अर्थीं ‘भावार्थ’ शब्द येतो, आणि गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणींत तो आजही चालू आहे. भावार्थदीपिकेचें नांव घेऊन वाढलेल्या आम्हांस तो ऐकून गंमत वाटते.

क्रिस्तपुराणाचा उल्लेख आला तेव्हां आपल्या वाचकांच्या आवडीचा थोडा भाग सांगून टाकतों. हें पुराण १६१६ त रायतूर येथें रोमन लिपींत छापलें. १६४९ व १६५४ त पुन्हां निघालें. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. गोव्याच्या सरकारनें १६८४ त देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला, त्यानंतर ग्रंथ हस्तलिखितांच्या आश्रयानें जगला. सालढाणा ह्यांनीं १९०७ त मंगळुरास तो छापला तोही हस्तलिखितांवरूनच. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतीकडे जस्टिन अॅबट ह्यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत लक्ष वेधलें, आणि बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ति पुण्यास १९५६ त निघाली. त्याच्या दुसऱ्या पुराणांत ख्रिस्तानें आजारी, आंधळे व पांगळे बरे केल्याच्या कथा मराठी ओवींत आहेत. म्हणजे ह्या विषयाचें मराठी वाङ्मय चारशें वर्षांचें आहे. नगरकडील त्याचा वंशज म्हणजे ‘ख्रिस्तायन’. टिळक १९१९ त वारले तेव्हां त्याचे अकरा अध्याय झाले होते, बाकीचे लक्ष्मीबाईंनीं रचिले व ग्रंथ १९३८ त प्रसिद्ध झाला.

‘बरें करणें’ ह्या कल्पनेचा शब्द याहून महत्त्वाचा. मूळ ग्रीकांत ‘सोझो’ हें एकच क्रियापद रोगमुक्तीस व पापमुक्तीस चालतें. मार्काच्या पांचव्या अध्यायांत रक्तस्रावानें पीडलेल्या स्त्रीस आणि लूकाच्या सातव्या अध्यायांत पापी म्हणून हिणविलेल्या स्त्रीस येशू जें वाक्य बोलतो, तें ग्रीकांत शब्दशः एकच आहे. मराठी भाषांतरकारास मात्र निवड करावी लागली : पहिलीकडे ‘बरें केलें’, दुसरीकडे ‘तारलें’. मराठी वाचकास त्यामुळें त्या दोन गोष्टी निराळ्या वाटतात. याकोबाच्या वचनांत ‘वाचविणें’ हें क्रियापद योजिलें आहे व तें फार चांगलें साधलें आहे, कारण आपल्या भाषेंत माणूस तापांतून वाचतो आणि संकटांतूनही वाचतो. (तो पुस्तकही वाचतो, पण तें शिक्षकाच्याच मनांत यावें.) त्याच वचनांत पुढें ‘उठविणें’ आहे. ग्रीकांतील तें क्रियापद खाटेवरून उठण्यास आणि मेलेल्यांतून उठण्यास, दोहोंस, लागतें. सुदैवानें मराठी ‘उठणें’ ही तसेंच आहे. हा मुद्दा ध्यानांत ठेवावा, वहीच्या वाचनांत तो लागेल. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत मूळ भाषांवरून केलेलें बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ त, पूर्ण छापून निघालें. ज्या बाईस संस्कृत ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें गेलें, तिनें त्यांत जाणूनबुजून संस्कृत शब्द टाळून खेडवळ बाईस कळेल अशी भाषा वापरली, ह्याचें आम्हां संस्कृतज्ञांस अद्याप नीट आकलन झालेलें नाहीं.

औषध व प्रार्थना ह्यांचा विरोध आहे अशी समजूत कांहीं सभांत पसरविली जाते, ती त्यांच्याच शास्त्रास सोडून आहे. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया संदेष्ट्यानें अंजिरांचा लेप बांधविला ती कथा व त्या राजाची प्रार्थना एकाच अध्यायांत (२ राजे, २०) आहेत. पौलानें आपल्या देहांतील कांट्यासाठीं तीन वेळां विनंति केली व ती मान्य झाली नाहीं. आपला सोबती त्रफिम ह्यास त्यानें मिलेत येथें आजारी ठेवलें, आणि तीमथ्यास पोटासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें. मराठी मुलखांतील ख्रिस्ती मंडळींचा इतिहासही हेंच सांगतो. डॉ. वॉनलेस ह्यांचें मिरजेचें रुग्णालय १८९४ चें; आणि ह्याच नगर जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० पासून खेड्यांतील बायांसच आरोग्यसेविका करून जें कार्य केलें, त्यास १९७९ त मॅगसेसे पारितोषिक मिळालें. सर्पदंश, विंचूदंश वा श्वानदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. औषध बंद करावयास सांगणारा मग तो कोणत्याही धर्माचा असो, माझ्या मतें शिक्षेस पात्र आहे.

आतां वही. लांबट, देशी बांधणीची, कापडी पाठीची, बालबोधांत लिहिलेली. हिशेबाची पानें तेवढीं मोडींत. लेखक एका लहान गांवचा शाळामास्तर व उपदेशक. सुमारें १९१३ ते १९३१ पर्यंतच्या नोंदी आहेत. पदें, उपदेशाचीं टांचणें, वर्गणीची यादी, आणि शेवटचीं तीसएक पानें दुखणाईतांचीं : पहिल्या रकान्यांत तारीख, दुसऱ्यांत नांव, तिसऱ्यांत दुखणें, चवथ्यांत एकच अक्षर, ‘नि.’ किंवा ‘उ.’. दुखण्यांचीं नांवें त्या काळाचीं आहेत : थंडीताप, हगवण, देवी, नारू. नारू आज आपल्या देशांतून गेला (२००० सालीं तसें जाहीर झालें), देवी त्याच्याही आधीं गेली. थंडीतापापुढें कांहीं ठिकाणीं ‘कोयनेल दिलें’ असेंही आहे. अर्थात् मास्तर औषध देत व मग प्रार्थना करीत.

‘नि.’ हें अक्षर फार ठिकाणीं होतें. मीं तें ‘निरोगी’ असें वाचलें, आणि ‘उ.’ म्हणजे ‘उपचार चालू’. ह्यावरून माझें अनुमान असें कीं, बहुतेक सर्व रोगी बरे झाल्याचें दाखविणारी ही यादी वस्तुस्थितीची नोंद नसून मिशनच्या वरिष्ठांस दाखविण्यासाठीं रचलेली असावी. सभेंत मीं ‘रचलेली’ हा शब्द वापरला. उत्तर देण्यास हयात नसलेल्या माणसावर मीं खोटेपणाचा आरोप केला, हें आतां स्पष्ट लिहिलें पाहिजे.

वहीची नक्कल पुरी झाल्यावर मूळ प्रत परत करण्यास मी त्या कुटुंबाकडे गेलों. मास्तरांच्या नातसुनेचें वय आज ऐंशीच्या पुढें आहे. तिच्या इच्छेवरून मी यादी मोठ्यानें वाचूं लागलों व प्रत्येक नांवापुढें ‘निरोगी’ म्हणूं लागलों. एका नांवाशीं तिनें मला थांबविलें.

“गुरुजी, निरोगी कसलं? नि. म्हणजे निजलं. माझ्या सासूबाईंचं पहिलं लेकरू तें. त्याला आम्ही कुणी पाहिलंसुद्धां नाहीं.”

ख्रिस्ती बोलींत मृत्यूस ‘प्रभूमध्यें निजणें’ म्हणतात. दफनभूमींतील दगडांवर तो शब्द मीं स्वतः अनेकदां वाचला होता, तरी वहींत मला तो दिसला नाहीं. घरीं येऊन पडताळा पाहिला. ज्या प्रौढ नांवांपुढें ‘नि.’ आहे त्यांतील एकही नांव पुढील वर्गणीच्या यादींत आढळत नाहीं, ‘उ.’ वाल्यांचीं नांवें मात्र पुढें वर्षानुवर्षें येतात. म्हणजे ‘उ.’ हा ‘उठला’ किंवा ‘उठली’, याकोबाच्या वचनांतील तेंच क्रियापद. मास्तरांनीं मृत्यु लपविले नव्हते, उलट एकही न गाळतां लिहिले होते. १९१८ च्या आश्विन-कार्तिकांत, इन्फ्लुएन्झाच्या साथींत, नांवांनीं दोन पानें भरलीं आहेत आणि चवथा रकाना पूर्ण कोरा आहे. त्यानंतर सात आठवडे यादीच नाहीं. मग पुन्हां त्याच हस्ताक्षरांत, तशाच चार रकान्यांनीं, ती सुरू होते.

प्रार्थना निष्फळ झाली तर दोष कोणाचा, हा प्रश्न वर राखून ठेविला होता. कांहीं सभांत तो दोष आजाऱ्याच्या अपुऱ्या विश्वासावर टाकतात. हें मला क्रूर वाटतें. ह्या वहींत तसा एकही शेरा नाहीं. कोणाच्या नांवापुढें ‘विश्वास कमी’ असें मास्तरांनीं लिहिलें नाहीं. ‘नि.’ लिहिलें, आणि पुढच्या रविवारीं पुढचें नांव.

माझी चूक केवळ अक्षराची नव्हती हेंही सांगून टाकावें. माझी पत्नी दुखणाईत असतां माझ्या त्या सहाध्यापकांनीं मला न विचारतां तिचें नांव रविवारच्या कागदांत घातलें होतें. ती वांचली नाहीं. ते समाचारास आले तेव्हां मी त्यांस कटु बोललों, व पुढें त्यांच्या उपासनेस जाणें सोडलें. वहीवर बसलों तेव्हां त्या कटुतेनें माझें वाचन आधींच ठरवून टाकिलें होतें. सहाध्यापक आतां हयात नाहींत. त्यांच्या मंडळींतील तो कागद कोणी ठेवीत असेल असें वाटत नाहीं. ठेविला असल्यास तिच्या नांवापुढें कोणतें अक्षर असेल हें मला ठाऊक आहे.

वहीसंबंधीं एक व्यवहाराची गोष्ट राहिली. एका विक्रेत्यानें त्या कुटुंबाकडे तिची किंमत विचारली आहे व आमच्यापैकीं कोणी संग्राहक त्याच्यामागें असावा असा मला संशय आहे. ही वही विकत घेऊं नये. तिच्यांत लोकांचीं नांवें त्यांच्या दुखण्यांसह आहेत. नातवंडें, पणतवंडें त्याच गांवीं नांदत आहेत. कांहीं दुखणीं अशीं आहेत कीं ज्यांचा उच्चार आजही सोयरिकींत अडथळा होतो. माझ्या नकलेंत नांवांचीं केवळ आद्याक्षरें ठेविलीं आहेत. ती मंडळाच्या दप्तरांत पाहण्यास मिळेल. मूळ वही ज्यांची त्यांच्याकडे, फडताळांत, बायबलाशेजारीं आहे.

नेवासें, राहुरी, शेवगांव, पाथर्डी, कोपरगांव ह्या बाजूंस कोणा वाचकाच्या पाहण्यांत अशी उपदेशकाची वही आली असल्यास त्यांनीं दुखणाईतांची यादी आहे काय, व चवथ्या रकान्यांत हींच दोन अक्षरें आहेत कीं दुसरीं, एवढें कृपा करून मंडळाच्या पत्त्यावर कळवावें. अक्षर लागत नसल्यास तर्क करूं नये. घरांतील वृद्ध बाईस विचारावें.